खाडीतील गलबत आणि घरातील वैर

कोकणातल्या आणि गोमंतकातल्या नद्या आखूड आहेत. परंतु त्यांच्या पात्रांत समुद्राची भरती कोसच्या कोस आत चढते, गोड्या पाण्याला मागे रेटते आणि ओहोटी लागली की तितक्याच वेगाने चिखलाचे काठ उघडे टाकून परतते. या किनाऱ्यावरील आरमारी युद्धांचा निकाल म्हणूनच बहुधा खाडीच्या मुखाशी, तेथल्या वाळूच्या दांड्यावर आणि भरती-ओहोटीच्या घटिकांवर लागत आला. पेडणे महाल अशा दोन नद्यांच्या मध्ये वसलेला आहे. उत्तरेस तेरेखोल, दक्षिणेस शापोरा. शापोऱ्याच्या दक्षिणेला मांडवीपर्यंत पसरलेला डिचोली महालही पाण्यानेच वेढलेला आहे, आणि त्यातल्या नार्व्याला, जेथे शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये सप्तकोटेश्वराचे देवालय पुन्हा उभारविले, तेथून पलीकडच्या दिवाडी बेटावरचा पोर्तुगीज अंमल केवळ एका पात्राच्या अंतरावर होता. हे दोन्ही महाल अठराव्या शतकात वाडीकर सावंतांच्या हातून पोर्तुगिजांच्या हाती गेले. त्याची कारणे इतिहासकार किल्ल्यांत, फौजांत आणि तहांच्या कलमांत शोधतात, आणि ती तेथे आहेतही. परंतु मला वाटते, त्यांतले एक मोठे कारण पाण्यावर शोधले पाहिजे. ज्या गलबतांनी या खाड्या राखावयाच्या, ती गलबते आणि त्यांवरचे अंमलदार दोन पिढ्या एकमेकांशीच लढत राहिले.

हा अंमलदार कोणत्या नौकेवर वावरत होता, ते प्रथम पाहिले पाहिजे. ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने या किनाऱ्यावरचे मराठी आरमार चालविणाऱ्या आंग्र्यांच्या नौकांचे जे वर्णन लिहून ठेवले आहे ते शत्रुपक्षाचे असूनही इतके तपशीलवार आहे की त्यावरून डोळ्यांपुढे नौका उभी राहते. गुराब ही मोठी नौका. दोन डोलकाठ्यांची सुमारे दीडशे टनांची, तीन डोलकाठ्यांची तीनशे टनांपर्यंत. लांबीच्या मानाने रुंद, पाण्यात फार थोडी बुडणारी, पुढच्या अंगाला निमुळती होत जाऊन लांब चोच काढलेली. या चोचीवरून मारा करण्यासाठी नाळेच्या आडभिंतीत भोके पाडून नऊ किंवा बारा पौंडी दोन तोफा पुढे तोंड करून बसविलेल्या असत, आणि दोन्ही बाजूंना सहा ते नऊ पौंडी तोफांची रांग असे. गलबत म्हणजे याच घडणीची लहान, वल्ह्यांची नौका. सर्वांत मोठे गलबतही सत्तर टनांच्या पलीकडे क्वचितच जाई. त्याला दोन डोलकाठ्या, मुख्य काठीवर एकच प्रचंड त्रिकोणी शीड, चाळीस-पन्नास वल्ही, आणि लहान गलबतांवर बांबूच्या कामट्यांचे हलके तुतक, ज्यावर तोफा पेलत नसल्यामुळे काठाला फिरते जंबुरे बसवीत. मोठ्या गलबतांना पक्के तुतक असे आणि त्यावर दोन ते चार पौंडी सहा-आठ तोफा चढत. खलाशांनी नेट लावला की ते वाऱ्यावाचून ताशी चार मैल जाई.

थोड्या पाण्यात तरंगणे हा या नौकेचा प्राण होता. युरोपीय लढाऊ जहाजाला खाडीच्या मुखाशीच थांबावे लागे. गलबत वाळूचा दांडा ओलांडून आत शिरे, वळणावळणाने गावांच्या घाटांपर्यंत जाई आणि भरतीच्या पाण्यावर पुन्हा बाहेर पडे. त्यावरच्या अंमलदाराला नकाशापेक्षा पात्राची ओळख अधिक लागे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला कोणत्या दांड्यावर किती पाणी चढते, अष्टमीच्या भांगाला कोठे तळ टेकतो, कोणत्या काठाला दलदल आणि कोणत्या काठाला खडक, हे त्याने तांडेलाच्या तोंडून आणि स्वतःच्या डोळ्यांनी शिकलेले असे. त्याच्या हाताखाली भंडारी, कोळी, गाबीत, खारवी, दालदी असे किनाऱ्यावरचे सर्व जातिधर्मांचे लोक असत. वल्ह्यावरचा खलाशी वेगळा, तोफेवरचा गोलंदाज वेगळा, आणि शत्रूच्या तुतकावर उडी घालणारा हशम वेगळा, परंतु चाळीस हातांच्या त्या चिंचोळ्या जागेत अन्न, पाणी, झोप आणि मरण सर्वांचे एकच. दारू कोरडी ठेवणे, पिण्याच्या पाण्याची पिंपे भरून घेणे, शिडांचे कापड आणि दोर यांची बेगमी पाहणे, आणि परमुलखाचे तारू दिसताच त्याचे दस्तक तपासणे हे त्याचे रोजचे काम. कारण हे पाणी आपले असून त्यावरून फिरावयाचे तर आपले दस्तक घेतले पाहिजे, असा पोर्तुगिजांनी दोन शतके बजावलेला हक्क कान्होजी आंग्र्यांनी आपल्याकडे खेचून घेतला होता.

प्रत्यक्ष लढाईची रीतही याच नौकेतून जन्मलेली होती. परके जहाज दृष्टीस पडले की बंदरात नांगरून असलेली गुराबे आणि गलबते नांगराचे दोर सोडून बाहेर पडत. वारा असला तर शिडांवर, नसला तर गलबते वल्ही मारीत गुराबांना ओढून नेत. जहाजाच्या पिछाडीस गोळा व्हावयाचे, जेथे त्याच्या तोफांचा मारा सर्वांत थोडा, आणि त्याच्या तिन्ही डोलकाठ्या एका रेषेत येतील अशी जागा धरून चोचीवरच्या तोफांनी प्रथम काठ्याच पाडावयाच्या. पंगू झालेले जहाज नमले नाही तर एकेका गलबतात दोनशे-तीनशे माणसे भरून चहूबाजूंनी एकाच क्षणी त्यावर चढावयाचे. या रीतीने संभाजी आंग्र्याने डिसेंबर १७३५ मध्ये इंग्रजांचे ‘डार्बी’ घेतले, त्याच्या मागून आलेल्या तुळाजीने १७४९ मध्ये ‘रेस्टोरेशन’ घेतले आणि १७५४ च्या आरंभी डच कंपनीच्या तीन जहाजांचा एकाच लढाईत निकाल लावला. ज्यांना इंग्रज ग्रंथकार चाचे म्हणतात ते शिस्तीच्या आणि पद्धतीच्या बाबतीत कोणत्याही आरमाराहून उणे नव्हते, हे येथे स्पष्ट म्हटले पाहिजे.

या आरमाराचा पाया ज्या विचारावर होता तो रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त उतरला आहे. पाच गुराबे आणि पंधरा गलबते यांचा एक सुभा करावा, सर्वांवर सरसुभा असावा. आरमाराच्या खर्चाला मुलखाचे नेमलेले उत्पन्न तोडून द्यावे, बंदरांच्या जकातीवर तो भार टाकू नये, कारण तसे केल्यास सावकारांवर जुलूम होऊन बंदर मोडते. नौकांसाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंब्याफणसाला हात लावू नये. पावसाळ्याची छावणी दरसाल एकाच बंदरात करू नये. यांतल्या जकातीच्या सूचनेकडे मी वाचकांचे विशेष लक्ष वेधतो. ज्याचा पगार मुलखाच्या ठरलेल्या वसुलातून येतो तो अंमलदार राज्याचा नोकर राहतो. ज्याचे पोट लुटीवर अवलंबून ठेवले तो ज्या धन्याकडे लूट अधिक त्याचा होतो. अमात्यांना हे उमगले होते. त्यांच्या मागून आलेल्यांनी भाऊ भावावर उठल्यावर ही व्यवस्था टिकविली नाही, टिकविणे त्यांना शक्यही नव्हते.

कान्होजी ४ जुलै १७२९ रोजी वारले. त्यांचा थोरला मुलगा सेखोजी सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, झाला, आणि तो जिवंत असेपर्यंत घर एकत्र राहिले. परंतु १७३३ मध्ये, जंजिऱ्याच्या सिद्दीवरील मोहीम ऐन भरात असताना तोही गेला. सरखेली त्याचा भाऊ संभाजी याच्याकडे आली. त्याने कुलाब्यावर आपला भाऊ येसाजी याला ठेवले; दुसरा भाऊ मानाजी रुसून निघाला, रेवदंड्याच्या पोर्तुगिजांची मदत घेऊन परतला, कुलाबा शिड्या लावून घेतला आणि येसाजीचे डोळे काढून त्याला कैदेत टाकले. ज्या पोर्तुगिजांनी १७२१ मध्ये इंग्रजांशी हातमिळवणी करून याच कुलाब्यावर चाल केली होती आणि कान्होजींनी ज्यांना तेथून परतविले होते, त्यांनाच कान्होजींच्या मुलाने चौदा वर्षांच्या आत घराचा दरवाजा दाखविला. बाजीराव पेशव्यांनी १७३५ मध्ये मध्यस्थी करून मानाजीला कुलाबा आणि वजारतमाब हा किताब दिला, संभाजीकडे दक्षिणेकडची ठाणी आणि सरखेली राहिली. पेशव्यांच्या दृष्टीने हा शहाणपणाचा निवाडा असेल, कारण प्रबळ सरदाराचे घर दुभंगलेले असणे मध्यवर्ती सत्तेला सोयीचे असते. परंतु आरमार ही वाटून घेण्याची जिंदगी नव्हे. दोन सुभ्यांचे मिळून एक सामर्थ्य होते. वाटणीनंतर दोन दुर्बळ सामर्थ्ये उरली, आणि त्यांची तोंडे एकमेकांकडे होती.

या वाटणीचे फळ एप्रिल १७४० मध्ये अलिबागेसमोर दिसले. संभाजीने हिराकोट, सागरगड आणि चौल घेऊन कुलाब्याला वेढा घातला. कुलाब्याची जागा विलक्षण आहे; ओहोटीला माणूस किनाऱ्यावरून पायी किल्ल्यापर्यंत जातो आणि भरतीला तोच किल्ला बेट होतो. संभाजीने किल्ल्याचे गोडे पाणी तोडले. आत मानाजीचे लोक, बाहेर संभाजीचे. दोन्हीकडचे तांडेल कान्होजींच्या हाताखाली किंवा त्या हाताखाली वाढलेल्यांच्या हाताखाली तयार झालेले, दोन्हीकडच्या गलबतांची घडण एक, तोफा भरण्याची रीत एक. समोरच्या गलबताचा सुभेदार आता कोणत्या बाजूला वळेल, कोणत्या पाण्याची वाट पाहील, हे इकडच्याला न सांगता कळत होते, कारण त्याच्या जागी असता तर यानेही तेच केले असते. परक्याशी लढताना उपयोगी पडणारे सारे कौशल्य येथे एकमेकांना छेदून निष्फळ होत होते.

मानाजीने पेशव्यांकडे मदत मागितली आणि इंग्रजांकडेही मागितली. मुंबईकरांनी पाणी भरलेली लढाऊ जहाजे कॅप्टन इंचबर्डबरोबर पाठविली. या जहाजांनी संभाजीची गलबते सुवर्णदुर्गाकडे पिटाळली आणि किनाऱ्यावरील त्याच्या छावणीवर इतका तिखट मारा केला की त्याला तळ हलवून आत खंदक खणून बसावे लागले. शेवटी सुवर्णदुर्गास सुखरूप जाऊ देण्याची त्याची विनंतीही इंग्रजांनी नाकारली आणि तो विस्कळीत स्थितीत माघारी गेला. पेशव्यांकडून चिमाजी आप्पा आणि बाळाजी बाजीराव आले होते. ते याच बाजूला असताना त्यांना बाजीराव २८ एप्रिल रोजी नर्मदातीरी वारल्याची वार्ता मिळाली. आंग्र्यांच्या पाण्यावर आंग्र्यांच्याच निमंत्रणाने इंग्रजी तोफा वाजल्या, आणि आरमाराच्या घरातला तंटा मुंबईच्या कौन्सिलाकडे मिटवावयास गेला, ही त्या महिन्यातली घटना मला सर्वांत दुःखद वाटते. संभाजी १७४२ च्या आरंभी वारला, आणि त्याची जागा तुळाजीने घेतली.

याच वर्षांत गोमंतकाच्या सीमेवर काय चालले होते ते आता पाहू. वसईची मोहीम जोरात असताना, १७३९ च्या प्रारंभी, व्यंकटराव घोरपडे आणि दादाजीराव भावे नरगुंदकर यांनी गोव्याच्या साष्टीत फौजा घातल्या आणि वाडीच्या सावंतांनी बारदेश व्यापला. आग्वाद आणि रेइश मागूश हे दोन किल्ले तेवढे पोर्तुगिजांकडे उरले. पोर्तुगीज सत्ता इतकी खचलेली तिच्या इतिहासात क्वचितच आढळेल. त्या वेळी मांडवीच्या आणि शापोऱ्याच्या मुखांवर आंग्र्यांचे एकवटलेले आरमार उभे राहिले असते, तर लिस्बनहून येणारी कुमक बंदरात कशी शिरती? परंतु संभाजीचे लक्ष कुलाब्याकडे होते आणि मानाजीचे संभाजीकडे. लिस्बनहून कुमक आली, १७४१ मध्ये बारदेश पोर्तुगिजांनी परत मिळविला, आणि १७४४ मध्ये पेद्रु मिगेल द आल्मैद हा व्हाइसरॉय म्हणून आला, तो राखण्याच्या नव्हे, घेण्याच्या इराद्याने.

शापोऱ्याच्या उत्तर काठावर, पेडण्याच्या हद्दीत, हळर्ण्याचा किल्ला नदीच्या वळणावर पहारा करीत उभा आहे. ५ मे १७४६ रोजी तो पोर्तुगिजांनी घेतला. याच विजयामुळे व्हाइसरॉयाला पुढे ‘मार्कीश द आलोर्न’ ही पदवी मिळाली. पेडण्यातल्या एका खेड्याचे नाव पोर्तुगालच्या सरदारवर्गात गेले ते असे. हळर्ण्यामागून डिचोली आणि साखळी गेली. पावसाळा सरल्यावर नोव्हेंबरात व्हाइसरॉयाने आरमार घेऊन तेरेखोलवर मोहीम केली. तेरेखोल हा वाडीकरांचा किल्ला नदीच्या उत्तर तीरावर, केरीच्या समोर, मुखावर नजर ठेवून बांधलेला. त्याच्या पायथ्याशीच वाडीकरांची गलबते नांगरून राहत. ती गलबते लढली. परंतु समुद्राकडून जो आला तोच मुख अडवून बसला, आणि खाडीतले गलबत खाडीतच कोंडले गेल्यावर त्याला थोड्या पाण्याचा फायदा राहत नाही. आत जावे तर पात्र आखडते, बाहेर यावे तर तोफांच्या तोंडी. २३ नोव्हेंबर १७४६ रोजी तेरेखोल पडला, आणि नंतर तो कधीही वाडीकडे आला नाही. आजही तेरेखोल नदीपलीकडे असलेला तो एवढासा तुकडा गोव्याच्या पेडणे महालात मोडतो, त्याचे मूळ त्या नोव्हेंबरात आहे.

या सहा-सात महिन्यांत उत्तरेकडून साहाय्याला येण्यासारखे आरमार फक्त तुळाजीचे होते, आणि तुळाजीचे व वाडीकरांचे हाडवैर होते. रामचंद्र सावंताच्या वतीने कारभार पाहणारा त्याचा चुलता जयराम सावंत हा शूर पुरुष; परंतु त्याच्या शौर्याचा मोठा भाग कुडाळ प्रांतात तुळाजीला रोखण्यात खर्च झाला. एका बाजूने पोर्तुगीज शापोरा चढून येत असता दुसऱ्या बाजूने आंग्र्यांच्या स्वाऱ्या उतरत होत्या. तुळाजीच्या विजयदुर्गापासून तेरेखोलपर्यंत गलबताचा प्रवास अनुकूल वाऱ्यावर फार नाही. पण त्या दोन बंदरांच्या दरम्यान मत्सराचा जो दांडा आडवा पडला होता तो कोणत्याही उधाणाला ओलांडता आला नाही.

तुळाजीचा शेवट सर्वश्रुत आहे, तरी तो येथे सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. पेशव्यांनी त्याला आवरण्यासाठी इंग्रजांशी करार केला; एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला, आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. खुष्कीच्या बाजूने पेशव्यांची फौज होती. तुळाजी तिच्याशी बोलणे करावयास छावणीत गेला तो परत आला नाही. वाघोटणच्या खाडीत त्याची गुराबे किल्ल्याच्या आश्रयाने एकमेकांस जखडून बांधलेली होती. १२ फेब्रुवारीला इंग्रजांचा एक कुलपी गोळा ‘रेस्टोरेशन’वर, त्याच तुळाजीने सात वर्षांपूर्वी पकडून आणलेल्या जहाजावर, येऊन फुटला, ते पेटले, त्याच्या दोरांनी शेजारचे पेटले, आणि अल्पावधीत कान्होजींच्या वेळेपासून जमत आलेले आरमार पाण्याच्या पातळीपर्यंत जळून गेले. त्यावरच्या अंमलदारांना त्या दिवशी शिडे उभारून बाहेर पडण्याची आज्ञा द्यावयास सरखेल जागेवर नव्हता. तुळाजीचे उरलेले आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेले.

ज्यांना खाडीचे पाणी कळत होते अशी माणसे मात्र एका दिवसात नाहीशी होत नाहीत. विजयदुर्ग काही महिन्यांनी पेशव्यांकडे आला आणि तेथे धुळपांच्या हाताखाली सरकारी आरमार पुन्हा उभे राहिले. आनंदराव धुळप याने ८ एप्रिल १७८३ रोजी इंग्रजांचे ‘रेंजर’ घेतले, ती लढाई वाचताना जुनी रीत जशीच्या तशी ओळखू येते. परंतु हे आरमार विजयदुर्गापुरते. दक्षिणेकडच्या खाड्यांना त्याचा आधार उरला नव्हता.

वाडीकरांना १७६१ च्या तहाने डिचोली, साखळी आणि हळर्णे परत मिळाली होती. खेम सावंत तिसरा याचा विवाह शिंद्यांच्या घराण्यातील लक्ष्मीबाईंशी झाला आणि त्या आश्रयाने १७६३ मध्ये त्याला राजेबहादुर हा किताब मिळाला. तो कोल्हापूरकरांना सोसला नाही. आंग्र्यांच्या घरातले वैर निवाले होते, आता वाडी आणि कोल्हापूर यांच्यात तेच सुरू झाले. पोर्तुगीज दबा धरून होतेच. त्यांनी १७८१ मध्ये डिचोली घेतली, १७८२ मध्ये साखळी आणि सत्तरीचा प्रदेश घेतला. पुढे १७८७ मध्ये कोल्हापूरकरांच्या फौजा वाडीवर चालून आल्या, तेव्हा खेम सावंताने ज्यांच्याशी आयुष्यभर लढला त्याच पोर्तुगिजांकडे कुमक मागितली, आणि १७८८ च्या तहात त्या मदतीची किंमत म्हणून पेडणे महाल लिहून दिला. रेवदंड्याची मदत घेणाऱ्या मानाजीने १७३५ मध्ये जो हिशेब उघडला होता, त्यातली ही शेवटची मोठी रक्कम. लढाईवाचून, एका वाळूच्या दांड्यावरही तोफ न डागता, तेरेखोल आणि शापोरा यांच्यामधली सारी जमीन गेली आणि डिसेंबर १९६१ पर्यंत ती परक्यांकडे राहिली.

खेम सावंत १८०३ मध्ये निपुत्रिक वारला. वाडीत राण्यांचे आणि वारसांचे तंटे माजले, दत्तक बसविला गेला, मारला गेला. या धामधुमीत वाडीची उरलेली गलबते कधी एका पक्षाची तर कधी दुसऱ्याची होऊन वेंगुर्ल्याच्या आणि रेडीच्या पाण्यात व्यापाऱ्यांची तारवे धरीत राहिली, कारण पगाराची व्यवस्था कोणाजवळच नव्हती. अमात्यांनी शंभर वर्षांपूर्वी जे टाळावयास सांगितले होते तेच घडत होते. इंग्रजांनी १८१२ मध्ये फोंड सावंताशी तह केला. त्या तहाने वेंगुर्ले बंदर कंपनीकडे गेले, आणि वाडी संस्थानाने आपली सर्व लढाऊ गलबते इंग्रजांच्या स्वाधीन करावीत, असे कलम त्यात घातले गेले.